मीटरवरचे सात मैल

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय रजनीताई टेंभेकर, आपल्या टाऊनशिपच्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, एवढ्या उकाड्यातही खांद्यावरची शाल न काढणारे आजचे सत्कारमूर्ती श्री. सुधाकर वैरागडे, त्यांच्याशेजारी बसलेल्या सौ. शोभावहिनी, आणि समोर जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना उदय खांबेट्याचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. आधीच्या वक्त्यांनी वैरागड्यांची कारखान्यातली चौतीस वर्षं, मीटर तपासणीच्या खोलीतलं काम, त्यांना मिळालेली प्रशस्तिपत्रकं, सगळं सांगून टाकलं. मग मी काय सांगावं? मी आपला खरेदी विभागातला माणूस. मीटर विकत कसं घ्यायचं ते मला ठाऊक, आतलं काही कळत नाही. तेव्हा मी आमच्या मोटारीबद्दल बोलणार आहे. रजनीताई, काळजी करू नका, गाडी शेवटी वैरागड्यांच्याच दारात येते.

आमची काळी मोटार सगळ्यांनी पाहिलेली आहे. काहींनी ढकललेलीही आहे. कारखाना नवा होता तेव्हा मायदेशी परत जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून माझ्या वडिलांनी ती घेतली. बाबा समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. वय शहाऐंशी. त्यांना कमी ऐकू येतं असं समजून कुणी काही बोलू नये, हवं ते सगळं ऐकू येतं.

तर आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडीच्या मीटरवर मैलांचे पाचच आकडे. म्हणजे एक लाख मैल झाले की सगळी शून्यं येणार. बाबांनी कित्येक वर्षं या शून्यांची वाट पाहिली होती. आणि नव्व्याण्णव हजार नऊशे त्रेपन्नावर मीटर बंद पडलं! काटा आडवा झाला आणि आकडेही थांबले. सत्तेचाळीस मैल राहिले होते. त्यातून बाबांचं लायसन्स मार्चअखेर संपत होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की यापुढे मी सही देणार नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते एकतीस मार्चच्या आत. बाबांचा हट्ट एकच, लाख माझ्या हातून झाले पाहिजेत. तोवर बंद मीटरवर मी गाडी काढणार नाही.

आता मला सांगा, खरेदी विभागातला माणूस अशा वेळी काय करील? मी तीन कोटेशनं मागवली. हसा, हसा. आमची कांचन तेव्हा हसली नव्हती. ती म्हणाली, "अहो, घरातलं एक मीटर दुरुस्त करायचंय, टेंडर कसलं काढताय?" पण सवय जात नाही. अरेरा कॉलनीतल्या दुकानदाराने सांगितलं, जुनं फेका, नवं बसवा, चार हजार आठशे. दुसऱ्याने बावीसशे सांगितले. तिसरा म्हणाला साडेतीनशे. नियमाप्रमाणे सगळ्यात कमी दराला काम! त्या गृहस्थाने मीटरमध्ये तेल ओतलं. गाडी गॅरेजमध्येच उभी, तरी दोन दिवस काटा नाचला, आणि तिसऱ्या दिवशी पंचेचाळीसवर जाऊन बसला तो उतरेचना. बाबा म्हणाले, "उदय, तुझी खरेदी झकास आहे. पेट्रोल न जाळता गाडी पंचेचाळीसने चालते आहे."

मग मी त्या बावीसशेवाल्याकडे गेलो. आणि बाबा, आठ वर्षं मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही, आज या सभेसमोर सांगतो. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, मशीन खोलने की ज़रूरत क्या है? मैं हाथ से ज़ीरो कर देता हूँ. अंकलजी ख़ुश, आप भी ख़ुश." मी नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, सोचके बताता हूँ. मार्चची बारा तारीख होती, मला मोह झाला होता. खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी पिपलानीच्या बाजारात वैरागडे भेटले. हातात मेथीची जुडी. सहज विषय निघाला. म्हणाले, "असं कसं जी साहेब? पाहू तरी द्या मले." मी म्हटलं, तुमच्या तपासणीच्या खोलीत पाठवतो. तर म्हणाले, "नाही बा. खासगी काम तिथं होत नसते. घरी आणा."

इतका मोठा कारखाना, इतकी यंत्रं, आणि माझं मीटर तपासलं गेलं कशावर? शोभावहिनींच्या शिलाई मशीनवर! वैरागड्यांनी मशीनच्या चाकाला मीटरची केबल जोडली. वहिनी पायाने मशीन चालवताहेत, हे हातात घड्याळ घेऊन फेरे मोजताहेत, आणि तिकडे कुणाचा तरी ब्लाउज बाह्यांवाचून पडलाय. असं तीन संध्याकाळी चाललं. वहिनी, आपण जागेवर बसून किती मैल गेलात ते आता सगळ्यांना कळणार आहे.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. केबल नवी, वाकलेली बारीक स्प्रिंग एका भंगारातल्या मीटरमधून काढून बदललेली, आत साठलेलं तेल पुसून काढलेलं. काटा सरळ. मी विचारलं, किती द्यायचे? म्हणाले, सहाशे चाळीस. सामान आणि मजुरी धरून. ज्या कामाला लोक हजारांत बोलत होते त्याचे सहाशे चाळीस! यावर शहाण्या माणसाने नमस्कार करून पैसे द्यावेत की नाही? पण जित्याची खोड. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाचशे करा."

वैरागडे रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "करतो ना साहेब. पाचशेत बसवून देतो. फक्त गाडी साठने गेली की काटा सत्तेचाळीस दाखवंल. चालंल?" मी सहाशे चाळीस मोजले. आयुष्यात इतका रास्त दर मी दुसरा दिलेला नाही, आणि इतका लाजून तर नाहीच.

पण काम इथे संपलं नव्हतं. पाकीट खिशात ठेवून ते म्हणाले, "एक घोळ आहे." मीटर आता नव्व्याण्णव हजार नऊशे साठ दाखवत होतं. शिलाई मशीनवर तपासताना सात मैल चढले होते. गाडी न चालता सात मैल! मी म्हटलं, "मागे फिरवा." म्हणाले, "सव्वीस वर्षांत मी एकही मीटर उलटं फिरवलं नाही." मी म्हटलं, "मग राहू द्या. सातच तर आहेत, बाबांना काय कळणार?" तेव्हा ते जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. म्हणाले, "त्यायले नाही कळणार. पण शून्यं येतील तेव्हा तुम्ही शेजारी बसून असान. तुमाले कळंल." मित्रहो, त्या बावीसशेवाल्याबद्दल मी त्यांना अक्षरही सांगितलेलं नव्हतं. माझी मान आपोआप खाली गेली.

मग तोडगा त्यांनीच काढला. मीटरवर सात मैल जास्त आहेत ना? मग केबल काढून ठेवायची आणि गाडी सात मैल न मोजता चालवायची. हिशोब खरा! असा विचार जगात फक्त मीटर तपासणाऱ्याच्याच डोक्यात येऊ शकतो.

रविवारी सकाळी वरात निघाली. पुढे स्कूटरवर वैरागडे, कारण त्यांच्या स्कूटरचं मीटर त्यांनीच तपासलेलं. मागे मोटारीत बाबा स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. ते नेमके कुठे भरावेत? करोंदच्या मंडीसमोर, धान्याच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत! वैरागड्यांनी हात वर केला आणि बाबांनी जागच्या जागी ब्रेक लावला. बाजूला घेऊ म्हणाल तर नाही, कारण पुढचा प्रत्येक फूट मोजला गेला पाहिजे. वैरागडे केबल जोडायला गाडीखाली, त्यांचे पाय बाहेर, मागे ट्रॅक्टरांची रांग. एक ट्रॅक्टरवाला अस्सल इथल्या बोलीत ओरडला, "को ख़ाँ, बीच सड़क पे काय को पसर गए?" बाबांनी खिडकीतून डोकं काढून रुबाबात सांगितलं, "भाईसाहब, हिसाब बराबर हो रहा है!"

उरलेले चाळीस मैल बाबांनी रोज थोडे थोडे केले. एकोणतीस मार्चला शेवटचा मैल ठेवला तो आपल्या टाऊनशिपमध्येच. मागच्या सीटवर वैरागडे, शोभावहिनी आणि कांचन. बरखेड्याच्या चढावर पाची नऊ हलू लागले. चार शून्यं आली आणि पहिला नऊ अर्ध्यावर अडकला. माझा हात मीटरवर थाप मारायला गेला, तर मागून आवाज, "हात नका लावू! येते तो." दहा-पंधरा पावलं गाडी पुढे गेली, आणि आला. पाच शून्यं.

बाबांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. मग त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू चालव." मी रडलो. मागे वैरागडेही चष्मा पुसत होते, कबूल करणार नाहीत ती गोष्ट वेगळी.

कारखान्यातल्या प्रत्येक मीटरला चिठ्ठी असते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि सही. तशी चिठ्ठी त्या दिवशी वैरागड्यांनी आमच्या मीटरच्या मागे लावली होती. मला वाटलं, गंमत केली असेल. पण पुढच्या वर्षी एकोणतीस मार्चलाच ते दारात हजर! गेली आठ वर्षं एकदाही चुकले नाहीत. पैसे घेत नाहीत, म्हणतात ते सहाशे चाळिसातच होतं.

येत्या रविवारी वैरागडे दांपत्य नागपूरला कायमचं जातं आहे. स्टेशनपर्यंत त्यांना आमच्याच मोटारीने जायचं आहे, यावर कोटेशनं मागवली जाणार नाहीत. मागच्या आठवड्यात, ठरल्या तारखेला, निम्मं सामान बांधून झालेलं असताना हे गृहस्थ शेवटची तपासणी करायला आले. ते गेल्यावर मी मीटरमागे डोकावून पाहिलं. मला वाटलं होतं, या वेळी पुढची तारीख कोरी असेल. चिठ्ठीवर पुढच्या वर्षीची तारीख लिहिलीय, पुढील तपासणी एकोणतीस मार्च, आणि खाली सही, सु. वैरागडे.

मी ती चिठ्ठी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्यानं तारीख घातलीय ना? मग मलाही तोवर थांबलं पाहिजे."

वैरागडे, आता तुम्हाला यावंच लागेल. एकोणतीस मार्चला आम्ही दोघंही गॅरेजचं दार उघडून बसणार आहोत.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मंडळाचे आणि अध्यक्षांचे मनापासून आभार. वहिनी, त्या अर्धवट राहिलेल्या ब्लाउजबद्दल आज जाहीर दिलगिरी. दहा मिनिटांच्या वर वेळ घेतला असेल, किंवा उत्साहात कुणाबद्दल एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझ्या हातातलं घड्याळ वैरागड्यांनी अजून तपासलेलं नाही. नमस्कार.