मामांच्या प्रश्नाला बारा प्रतिसाद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सहकारी शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी आणि तिसऱ्या रांगेत दाराशी बसलेल्या वहिनी,

निवृत्तीच्या दिवशी माणसाचे दोष पोटात घालतात, गुण तेवढे ओठांवर आणतात. अध्यक्षांनीही तेच केलं. औद्योगिक सुरक्षेच्या वर्गात मी ऑनलाइन चर्चा सुरू केली, सहभाग शंभर टक्के झाला, म्हणून हे मानचिन्ह. आकडा खरा आहे. तो कसा झाला, ते मात्र मला सांगू द्या.

नियम माझाच होता. प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागेचा एक धोका लिहायचा आणि इतर दोघांना प्रतिसाद द्यायचा. त्याला गुण. मुलं एकमेकांकडून शिकतील, अशी माझी भाबडी समजूत. मुलं हुशार. शेवटच्या दिवशी सगळे लिहायचे, "छान मुद्दा, सहमत." आणि मी? मीही प्रतिसाद मोजायचे, वाचायचे नाही.

त्या वर्गात बेचाळीस वर्षांचे एक गोदाम कामगार होते. वयामुळे सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी लिहिलं होतं, "आमच्या मालाच्या लिफ्टचा ब्रेक धरत नाही. खाली येताना हातभर घसरते. साहेब म्हणतात चालतंय. अशा वेळी कुणाला सांगायचं असतं?"

बारा प्रतिसाद आले. बाराही जणांना मुद्दा छान वाटला.

मी दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण मामांनी दोनऐवजी एकालाच प्रतिसाद दिला होता. एका मुलीने आम्लाच्या कामाला हातमोजे कोणते, असं विचारलं होतं. तिला त्यांनी पानभर समजावून लिहिलं होतं. माझ्या वर्गातली ती एकमेव खरी चर्चा.

लिफ्ट बंद करायला लावा, लेखी तक्रार द्या, सुरक्षा निरीक्षकांना कळवा. एवढंच उत्तर होतं. मला तोंडपाठ होतं. सतरा दिवसांनी लिफ्ट घसरली ती थांबलीच नाही. मामा आत होते.

मी घरी भेटायला गेले, तेव्हा वहिनींनी, म्हणजे मामांच्या पत्नीने, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "जेवायच्या सुट्टीत हे रोज फोन उघडून बघायचे. बाईंचं काही आलंय का म्हणून."

माझ्यानंतर हा वर्ग घेणाऱ्या सरांना एकच विनंती. चर्चा बंद करू नका. गुण देण्याआधी ती वाचा, आणि कुणी प्रश्न विचारला असेल तर त्याच दिवशी उत्तर द्या.

हे मानचिन्ह मी टेबलावरच ठेवून जाते. राग मानू नये. आपण सगळे आलात, मनापासून आभारी आहे. बोलणं लांबलं, कडवट झालं, सांभाळून घ्या.

वहिनी, तुमच्याकडे मात्र मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर द्यायचं होतं ते मी.