एक खिडकी, एक आई

“आई माझ्याकडे राहणार!” थोरला ओरडतोय. “तुझ्याकडे? दादा, आई तुझ्याकडे शेवटची कधी जेवली ते सांग आधी!” धाकटी त्याच्या वर ओरडतेय, आणि मी मधे! एक बाही याच्या मुठीत, दुसरी तिच्या, आणि तुम्हाला सांगते बायांनो, स्वेटर नवा होता हो, नवा कोरा… आणि हे घरात नाही बरं, घरकुलाच्या कचेरीत, त्या नव्या खिडकीपाशी, अख्ख्या रांगेसमोर! माझ्या मागचा बाप्या तर डबा उघडून किंबाप खायला बसला, म्हणजे बघा, तमाशाच समजला तो!

तुम्ही म्हणाल, अगं जम-रे, तुझी पोरं एवढी मायाळू कधी झाली गं? माया कसली डोंबलाची! सरकारनं सोपं केलंय हो!

काय सोपं केलंय, ऐका. घरं महागली, तरण्या माणसाला उभं आयुष्य राबून दाराची कडीसुद्धा परवडेना, म्हणून आपल्या प्रांताच्या सरकारनं घरांचं धोरण सुटसुटीत केलं. पूर्वी स्वस्तातला सरकारी फ्लॅट मागायचा तर सात टेबलं, सात साहेब, आणि सातांची तोंडं सात दिशांना. आता एकच खिडकी! छान. पण त्या सात टेबलांपुढची माणसं कुठं गेली? कुठं जातील, त्याच एका खिडकीपुढे येऊन उभी राहिली! मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं लावायला शिकले, पण सात ओढ्यांचं पाणी एका नळात कोंबलं तर पाणी वाढत नाही, नळ फुटतो, एवढं मला कुणी शिकवायला लागत नाही. असो… आपण कोण सांगणार, सरकारनं सोपं केलंय!

तर त्या खिडकीवर गुण मिळतात. हसू नका, खरंच गुण. बिनघराचे किती वर्षं राहिलात त्याचे गुण, पोरंबाळं किती त्याचे गुण, आणि म्हातारी आई तीन वर्षं तुमच्या पत्त्यावर असेल तर तिचेही गुण. ज्याचे गुण जास्त, त्याला फ्लॅट. म्हणजे बघा, सगळा जन्म गेला, मला कधी कुणी एक गुण दिला नाही, ना सासूनं, ना नवऱ्यानं, देव त्याचं भलं करो, आणि आता दिले तर तेही पोरांच्या खात्यात!

पण मान काय वाढला म्हणता माझा! आजवर चुसॉकचा सण आला की दोघं मला चेंडूसारखी टोलवायची. “आई, यंदा मी-ग्यंगकडे जा ना, आमच्याकडे तुझ्या सुनेची पाठ धरलीय.” “आई, यंदा दादाकडे गं, आमच्याकडे रंगकाम काढलंय.” दर सणाला रंगकाम! एवढा रंग लावला असता तर घराच्या भिंती आत सरकून एकमेकींना भेटल्या असत्या. आणि यंदा? पहाटे दारात थोरला संग-ग्यू, नाशपातींची पेटी घेऊन. मागोमाग धाकटी मी-ग्यंग, त्याहून मोठी पेटी घेऊन. आणि सूनबाई, माझी किमची डब्यातून काढली की खिडकी उघडणारी, ती नाकात बोलते कशी, “सासूबाई, तुमच्या हातची किमची म्हणजे अमृत हो…” मी म्हटलं, हिला ताप आलाय की मला?

मग थोरला म्हणाला, “आई, चल, तुझे डोळे तपासून आणू.” डोळे! माझे डोळे सुईत दोरा ओवतात अजून. पण गेले. आणि नेलं कुठं, तर कचेरीत! आणि रांगेत पुढं कोण? मी-ग्यंग! तीही माझंच नाव आपल्या पत्त्यावर लावायला आलेली! झालं, धरली बाही.

“अरे, पण मी राहायचं कुठं?” मी विचारलं. तर दोघं एका सुरात, “तुझ्या तुझ्या घरीच गं आई! आमच्याकडे फक्त कागदावर!”

कागदावर. बरं.

तेवढ्यात खिडकीतली ती गोड पोरगी, केसाला पिवळी क्लिप लावलेली, म्हणते, “आजीऽ, तुमच्या नावावर घर आहे काऽ?” आहे म्हटलं, टेकडीवर, दोन खोल्या आणि वर गच्ची, मी नि म्हाताऱ्यानं विटा पाठीवर वाहून बांधलेलं. तर ती तितकीच गोड, “मग तुमचे गुण शून्य आजीऽ. नवं धोरण सोपं आहेऽ, घर असलेली आई चालत नाहीऽ.”

ऐकलंत? सरकारनं सोपं केलंय! पोरांना घर मिळावं म्हणून आईनं आधी बेघर व्हायचं!

आणि माझी पोरं… जन्मात खेळणं वाटून घेतलं नाही दोघांनी, पण तिथं एकमत झालं! “आई, घर विकून टाक.” “हो आई, दादा बरोबर बोलतोय, तसंही टेकडी चढताना तुझे गुडघे दुखतात.” माझे गुडघे! गुडघ्यांनी कधी तक्रार केली हिच्याकडे? आणि गच्चीवरचे माझे माठ? सोयाबीन मुरवून त्वेनजांग करते मी, त्याला ऊन लागतं, वारा लागतो, आणि खरं सांगू, शेजारी चांगले लागतात, कारण वास… आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही दर हिवाळ्यात वाटी घेऊन येताच.

विकायचं ठरलं, ठरवलं त्यांनीच, आणि लगेच पुन्हा भांडण, विकून झाल्यावर आई कुणाची! “माझी!” “माझी!” बाही फाटली, रांग पुढे सरकेना, किंबापवाला म्हणतो, “आजी, टॉस करा.” मी दोघांचे हात झटकले, घसा साफ केला आणि एकच वाक्य बोलले. आणि काय चमत्कार बायांनो! थोरल्याला आठवलं की त्याच्याकडे बाल्कनीच नाही. धाकटीला आठवलं की रंगकाम अजून ओलं आहे. “दादा, तू थोरला, तुझाच मान.” “छे छे, आईला लेकीकडेच बरं वाटतं.” पुन्हा चेंडू! खिडकीतल्या पोरीनं पुढचा नंबर पुकारला, आणि मी आपली बस धरून टेकडीवर परत, माझ्या घरी, माझ्या माठांपाशी. नाशपाती मात्र गोड निघाल्या, घ्या, खा.

काय बोलले म्हणता? काही नाही हो, एवढंच म्हटलं, “विकते घर, आजच विकते, पण मग कागदावर नाही, अंगासकट येते कायमची, आणि नव्या घरात रीतीनं पहिला भाताचा कुकर जातो ना, त्याच्याही आधी माझे सगळे माठ आत जातील… बोला, कुणाकडे उतरवू?”