उलटं दाखवणारी दुर्बीण

१९४३ सालच्या त्या सकाळी सात वाजता गुलाबराव अकोल्याचे तिकीट काढून गावच्या स्टेशनच्या बाकावर बसले. मांडीवर लाकडी पेटी होती. याच रेल्वेमार्गाची मोजणी केलेल्या त्यांच्या वडिलांची पितळी दुर्बीण तीत होती. लढाईमुळे पितळ महागले होते. अकोल्याचा भंगारवाला वाट पाहत होता. शेजारी उलट दिशेच्या गाडीसाठी एक म्हातारे जोडपे बसले होते.

“तुळसा, पेटी पाह्य. रूळ टाकले तवा मोजणीदाराजवळ अशीच होती.”

“तेच विलायती कंपनीची?”

“तेच. तो सांगे ना, कंपनीच्या मालकानं आंदी चष्मे घासले, मंग जहाजाच्या दुर्बिनी केल्या, मंग हे मोजणीची.”

“मले तिची लय धास्ती. तिच्यातून मानूस उलटं दिसते म्हनत. आमी बाया टोपले फेकून, लुगडं धरून पळो!”

“आन् काम थांबलं म्हनून मुकादम माह्यावर वरडे.”

“तुमी तं दात काढत होते!”

“मोजणीदार नाही हासला. बाया पार जाईपर्यंत दुर्बिनीले टोपी घालून ठेवे.”

“देवमानूस होता. तिच्यातून एकडाव पाहाचं राहूनच गेलं.”

अकोल्याची गाडी फलाटाला लागली. गुलाबरावांनी तिकीट खिशात घातले, पेटी उघडली, दुर्बीण बाकाच्या पाठीवर टेकवली आणि तिची टोपी काढली.

“या आजी, पाहा.”

गाडी सुटली.

“अहो, तुमी जा तिकडं, उभे राहा समोर,” म्हातारी नवऱ्याला म्हणाली. “आन् धोतर घट्ट धरा!”