धोंडिबाची उलटतपासणी

बेचाळीसच्या चळवळीत सातारच्या तुरुंगात माझ्या कोठडीत माणचा एक धनगर होता, धोंडिबा. तारा तोडल्याचा आरोप होता, वकील नव्हता. आमचे खटले एकाच दिवशी निघाले.

गावच्या हवालदाराने साक्ष दिली, "बाजाराच्या दिवशी याला तारा तोडताना पाहिलं."

मॅजिस्ट्रेट धोंडिबाला म्हणाले, "वकील नाही, तेव्हा साक्षीदाराला प्रश्न तूच विचारायचे."

धोंडिबा गोंधळला. काय विचारायचं असतं, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "हवालदारसायेब, म्हस बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की. त्या दिवशी तू हुतास म्हणून रेडकू जगलं."

"कुठल्या दिवशी?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

हवालदार अडखळला. "बाजाराच्या. दिसभर माझ्याच गोठ्यात हुता."

धोंडिबाला सोडून दिलं. जाताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "गड्या, म्या इचारलेलं चुकलं का रं? मला भाईर काढलं."