पदरावरचे पोपट

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा, थोरली चंद्रावती आणि धाकटी हिना, उभ्या होत्या, डहाणूला मासळी विकणाऱ्या. धाकटीने आधी सुरुवात केली.

“वहिनी, काल परत देवी आली स्वप्नात.”

“परत? म्हणजे कितव्यांदा?”

“तिसऱ्यांदा. आपल्या ओट्यावर बसली, माझ्याकडे पाणी मागितलं.”

“बावीस वर्षं मी चालत येते, हिना. अनवाणी. तू तर रिक्षातून उतरतेस.”

“माझे गुडघे दुखतात.”

“तिला चालतं वाटतं. काय नेसली होती?”

“हिरवी साडी. लाल काठ, पदरावर पोपट.”

“पोपटांच्या चोची जरीच्या?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“ती साडी मी वाहिलेली. उंबरगावच्या बाजारातून आणली होती. तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस. तुला कोणी दाखवली?”

“कोणी नाय. मी पहिल्यांदा तिच्याच अंगावर बघितली.”

रांग दोन पावलं सरकली.

“छान दिसत होती, वहिनी.”

“दिसणारच. आता आत गेलीस की सांग तिला, तुझं ती ऐकते. माझ्याकडे येताना चंद्रावतीची साडी नेसू नको, म्हणावं.”