अकरा फेब्रुवारीची चौकट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या छापखान्याचे मालक आदरणीय दत्तोपंतजी, व्यासपीठावर अर्ध्याच खुर्चीवर संकोचून बसलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सिंधूताई, खाप्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, सक्करदऱ्यातले शेजारी आणि छापखान्यातले माझे सगळे सहकारी, आपणा सर्वांना सरिता गजभियेचा सविनय जयभीम आणि नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. सुशीलभाऊ, हसू नका, तुमचीही पाळी येणार आहे. आत्ताच दत्तोपंतजींनी जाहीर केलं की उद्यापासून तपासणीच्या टेबलावर ताईंच्या जुन्या जागी मी बसणार. आपण टाळ्या वाजवल्या. पण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकल्यावर ती जागा मला मिळेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून भीती वाटते आहे. नऊ महिन्यांपासून वाटते आहे.

आमचं काम बहुतेकांना माहीत आहे. कोणाला दहा, कोणाला पंधरा, अशी घरापुरती फोटो कॅलेंडरं आम्ही छापतो. बारा महिने, बारा फोटो, आणि तारखांच्या चौकटीत घरच्या माणसांचे छोटे चेहरे. वाढदिवस असेल तर चेहऱ्याभोवती फुगे. माणूस गेलेला असेल तर झेंडूचा हार. मोठ्या छापखान्यात एक चूक दहा हजार लोकांत वाटली जाते, कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडची चूक एकाच घरात जाते आणि वर्षभर भिंतीवर बसते.

म्हणून ताईंनी एक रीत लावली. छपाईआधी त्या ऑर्डरचा कागद हातात घेऊन मोठ्याने वाचणार: तारीख, नाव, जन्म की स्मृती. समोरच्याने प्रूफवर बोट ठेवून पाहायचं आणि म्हणायचं, "बरोबर." मग ताई सही करणार. वीस वर्षं त्यांनी असं वाचलं. आम्ही मागे त्यांना हेडमास्तरीण म्हणायचो. ताई, आज कबूल करून टाकते, नाव मीच ठेवलं होतं!

गेल्या डिसेंबरात खाप्याच्या मायाताईंची ऑर्डर होती. त्यांचे वडील धोंडबाजी, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, अकरा फेब्रुवारीला पंच्याहत्तर पूर्ण करणार होते. त्यांच्यासाठी नवी चौकट करायची होती. ऑक्टोबरच्या पानावर त्यांच्या दिवंगत पत्नीची हाराची चौकट तयार होती, तीच उचलली, फोटो बदलला, हार काढायचा राहिला. छापलं गेलं. पंधरा प्रती गेल्या. खाली ताईंची सही.

जानेवारीत कोणाला काही दिसलं नाही. पान उलटलं एक फेब्रुवारीला, आणि ते धोंडबाजींनी स्वतःच उलटलं.

तीन तारखेला मायाताईंचा फोन आला. "बाबा जेवून नाही राहिले. नुसते कॅलेंडरकडे पाहून राहिले. काहून केलं जी तुम्ही असं?" डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही. आठ तारखेपर्यंत धोंडबाजी नुसत्या पाण्यावर आले. तुम्ही म्हणाल, आपण बुद्धाची लेकरं, शकुन-अपशकुन मानत नाही. मीही मानत नाही. पण त्या आठवड्यात माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. तो माणूस अकरा तारखेला गेला तर? कॅलेंडर खरं ठरलं तर?

दत्तोपंतजींनी सही पाहिली. रागावणं रास्तच होतं. ताईंना तपासणीवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. ताई फक्त म्हणाल्या, "चुकलं."

अकरा तारखेला सकाळी ताई आणि मी एसटीने खाप्याला गेलो. पिशवीत दुरुस्त केलेलं पान, हाराचं जुनं प्रूफ, ऑर्डरचा कागद आणि कॅलेंडरची तार उघडायला पक्कड. धोंडबाजी आंघोळ करून पांढरे कपडे घालून खाटेवर निजले होते. तयार होऊन!

ताई पान बदलायला उठल्या, तर ते म्हणाले, "राहू द्या. मी काही मानत नाही. पण छापलेलं कधी खोटं असते का वं?"

जन्मभर मीटरची वही आणि सरकारी कागद वाचलेला माणूस. दुपारी त्यांचा डोळा लागला. ताई कानाशी म्हणाल्या, "पाय पाहा वं, गरम आहेत ना?" मी दर पाच मिनिटांनी तळवे चाचपत होते. एकदा थंड लागले आणि मला रडूच फुटलं. थंड माझे हात होते.

ते जागे झाले तेव्हा ताईंनी ते हाराचं प्रूफ त्यांच्या मांडीवर ठेवलं, ऑर्डरचा कागद हातात घेतला आणि आपल्या टेबलावर वाचतात तसं वाचलं, "अकरा फेब्रुवारी. धोंडबा. जन्म."

त्यांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फिरवली. ताईंनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा ताई रागावल्या. "अजी, पाहून सांगा ना! बरोबर आहे का?"

"चुकलं आहे," धोंडबाजी म्हणाले.

"मग काटा ना."

ताईंनी तांबडा पेन दिला. त्यांनी रेघ मारून तो हार स्वतः काटला, इतका दाबून की कागद फाटला. मग मायाताईंना म्हणाले, "भात आण वं."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "ताई, तुम्ही माझं नाव काहून नाही सांगितलं?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तू सांगशील म्हणून थांबली."

दत्तोपंतजी, त्या दिवशी ताई वाचत होत्या आणि प्रूफसमोर मी होते. माझी नजर मोबाईलवर होती. न पाहता मी म्हटलं, "बरोबर." हार काढायचाही मीच विसरले होते. नऊ महिने ताईंनी माझी चूक आपल्या सहीखाली ठेवली आणि मी रोज त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली. लाज वाटते.

ताई मला खाली बसायची खूण करताहेत. ताई, आज नाही बसणार.

उद्याची जागा द्यायची की नाही ते अध्यक्षांनी ठरवावं. दिली तर भीतभीतच बसेन. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. वक्ते शेवटी म्हणतात, काही चुकलं असल्यास माफ करा. माझ्या बाबतीत 'असल्यास' नाही. माझं चुकलं. ताई, मायाताई, मला माफ करा.

आणि पुढच्या वर्षाची पहिली ऑर्डर खाप्याचीच आली आहे. ताई, एवढी एक ओळ मीच वाचते. अकरा फेब्रुवारी. धोंडबा. जन्म.

तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या टोपीत, मायाताईंच्या शेजारी बसले आहेत. बरोबर. या वेळी पाहून म्हटलं.

जयभीम.