डेअरीतल्या कॉम्प्युटरचं बारसं

आमच्या संत्याला वळखताच की तुमी. बावड्यात दूध डेअरी चालवतो आणि लिनक्सशिवाय, म्हंजे कॉम्प्युटर चालवायच्या त्या फुकटातल्या सिस्टीमशिवाय, दुसरं बोलत न्हाय. परवा त्यानं डेअरीत दुसरा कॉम्प्युटर आणला, जुन्याच्या डिस्कची इमेज, म्हंजे हुबेहूब नक्कल, काढून जशीच्या तशी नव्यात टाकली आणि मला म्हणतोय, "बघ, जुळी भावंडं!"

सकाळी दोन्ही चालू केले, तर एक नेटवर्कला लागला की दुसरा तुटायचा. दुधाची नोंदच हुईना, आन् दारात किटल्या घेऊन ही रांग! दूध नासतंय म्हणून माणसं वरडाय लागली. रांगेत संत्याची सख्खी आत्याबी हुती.

"काय झालं रं?" आत्यानं इचारलं.

संत्या घाम पुसत म्हणाला, "इमेजबरोबर जुन्याचं नाव आन् नेटवर्कचा पत्ताबी नव्यात आलाय, म्हणून दोघं भांडाय लागल्यात. नव्याला दुसरं नाव द्याय पायजे."

"आन् आत्या हितं हुबी असताना नाव तू ठेवणार व्हय? लिव्ह, हौसा!"

संत्यानं मुकाट्यानं हौसा लिहिलं, पत्ता बदलला आणि दोन्ही मशिनी गुमान चालाय लागल्या. दूध घालून सगळी घरला गेली. आत्या मात्र जागची हलंना.

"आता काय ऱ्हायलं, आत्या?"

"बारशाची साडी कुठाय माझी?"